तळीराम नेमका कोण?

प्रश्न असा : दारू पिणाऱ्याला आपण सर्रास 'तळीराम' म्हणतो. हे नाव राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' या नाटकातले. पण त्या नाटकात दारूपायी ज्याच्या संसाराची राखरांगोळी होते तो सुधाकर. मग 'सुधाकर' हा शब्द का रूढ झाला नाही? आणि तळीराम म्हणजे नुसता दारुडा का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. आजच्या बोलण्यातला तळीराम आणि गडकऱ्यांचा तळीराम यांत बरेच अंतर पडले आहे.

'एकच प्याला' १९१९च्या फेब्रुवारीत रंगभूमीवर आले. गडकरी त्याआधी जानेवारीतच गेले होते. नाटकातला सुधाकर हा हुशार आणि तितकाच मानी वकील. कोर्टात अपमान होतो, वकिलीची सनद काही काळापुरती रद्द होते, आणि डोके भणभणत असतानाच त्याचा कारकून त्याच्यापुढे पेला धरतो. हा कारकून म्हणजे तळीराम. तो स्वतः अट्टल पिणारा आहेच, पण दुसऱ्याला पाजणाराही आहे. 'आर्यमदिरामंडळ' नावाची पिणाऱ्यांची मंडळी तो चालवतो. सभा, संस्था, ठराव यांची त्या काळी जी हौस होती तिची ती फर्मास टिंगल आहे. पिण्याला तत्त्वज्ञान लागते आणि सोबतही लागते. तळीराम दोन्ही पुरवतो. आजच्या शब्दात हा पाजणारा उरलाच नाही, फक्त झोकांड्या खाणारा उरला.

आता सुधाकर. नाटकात ठळक पिणारे तिघे : सुधाकर, तळीराम आणि भगीरथ. भगीरथ प्रेमभंगामुळे पिऊ लागतो आणि पुढे सुधाकराचा मित्र रामलाल याच्या संगतीत त्यातून सुटतो. (त्याचे नाव रूढ होणे शक्यच नव्हते; गंगा आणणाऱ्याने ते आधीच अडवून ठेवले आहे.) सुधाकर पहिल्या अंकात एक असतो आणि पाचव्यात दुसराच. स्वतःच्या तान्ह्या मुलाचा जीव घेईपर्यंत तो घसरतो, आणि घसरताना त्याला सगळे कळत असते. अशा माणसाचे नाव दुसऱ्याला चिकटवता येत नाही. तळीराम मात्र पडदा उघडतो तेव्हाही पिणारा आणि मरतो तोही पिणाराच. साचा बदलत नाही म्हणून त्याचा शब्द होतो. शकुनी आणि नारद यांचेही तसेच झाले. त्यात तळीराम हसवतो. तो अंथरुणाला खिळलेला असताना वैद्य आणि डॉक्टर यांची जी जुगलबंदी चालते, तिला प्रेक्षक मनसोक्त हसतात, आणि रोगी मरणाच्या दारात आहे हे विसरून जातात. हेच हसू शब्दाला चिकटले, असे मला वाटते.

नाटकाच्या नावातला 'च'ही नीट पाहण्यासारखा आहे. 'एक प्याला' ही नुसती मोजदाद झाली असती. 'एकच' म्हणताना माणूस स्वतःला बजावत असतो की यापुढे नाही. सुधाकराचा पहिला पेला असा 'एकच' असतो, आणि शेवटचा, विष कालवलेला, तो खरोखरच एकच. सुधाकराची बायको सिंधू हिच्या सोशिकपणामुळे हे नाटक आज काहींना पटत नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. पण तिच्याशेजारी तळीरामाची फटकळ बायको गीता उभी आहे, हे वाचताना सुटू देऊ नये.

व्याकरणाचे म्हणाल तर हे सरळ प्रकरण आहे. विशेषनाम सामान्यनाम झाले की त्याला अनेकवचन मिळते : एक तळीराम, दहा तळीराम, तळीरामांची वरात, तळीरामांना दणका. थट्टेच्या लिखाणात हे शोभते. 'तळीराम चालकाने तिघांना उडवले' असा मथळा मात्र मला खटकतो. तिथे माणसे गेलेली असतात, आणि शब्द अजून त्या वैद्य-डॉक्टरांच्या प्रवेशातच हसत असतो. अशा ठिकाणी 'मद्यधुंद चालक' लिहावे. उपचारांबद्दल लिहिताना 'व्यसनी' किंवा 'मद्यपी' चालेल. 'दारुडा', 'बेवडा' हे शब्द बोलण्यात ठीक, पण दोन्हींत शिवी आहे. तळीरामात शिवी नाही, चिमटा आहे. आणि कुणी मित्राला आग्रह करकरून पाजत असेल, तर त्याला बेलाशक तळीराम म्हणा.