गोगलगायीच्या चकचकीत पट्ट्यावरून तिचा अड्डा शोधा

लातूर, बीड, धाराशिवकडून एकच विचारणा येतेय, सोयाबीन दोन पानावर आलं की सकाळी बघावं तर रोपं कुरतडलेली, कीड कुठंच दिसत नाही, मातीवर नुसते चकचकीत वाळलेले पट्टे, चुना टाकला तरी फरक नाही, आता मीठ टाकू का?

मंडळी, ही शंखी गोगलगाय. २०२२ ला याच भागात हिनं दुबार पेरणीची पाळी आणली होती. दिवसा लपते, रात्री खाते.

तो पट्टा म्हणजे तिच्या पायाखालचा चिकट स्राव. हा स्राव दाबला की पातळ होतो आणि दाब गेला की लगेच घट्ट, त्यामुळं पायाचा थोडा भाग पुढं सरकतो तोवर बाकीचा चिकटून राहतो, म्हणून एवढा जड शंख घेऊन ती पपईच्या खोडावर सरळ उभी चढते. काचेवर सोडून खालून बघा, पायावर लाटा पळताना दिसतात, पोरांना पण दाखवा! आपल्या कामाचं असं की परतताना ती बऱ्याचदा तोच माग धरते, दुसऱ्या पण त्याच्यावरूनच येतात. ऊन चढायच्या आत पट्ट्यामागं जा, बांधाचं गवत नाहीतर दगडाखाली ढीगच सापडेल. त्याच वाटेवर संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं टाका, सकाळी खालच्या गोळा करून साबणाच्या पाण्यात. हातमोजे घालूनच बरं का, हिच्यात उंदराचा फुप्फुसकृमी असू शकतो, तो माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणतो.

आता चुना. स्राव म्हणजे बहुतेक पाणीच, कोरडी भुकटी लागली की तिला जास्त स्राव सोडावा लागतो, अंगातलं पाणी जातं म्हणून ती मागं फिरते. पण भिजलेला चुना म्हणजे नुसता चिखल, तुमचा तिथंच वाया गेला असणार. उघडीप बघून बांधाकडेनं ४ इंचाचा पट्टा मारा, पाऊस झाला की परत. मीठ शेतात अजिबात नको, जमीन खारवेल, गोळा केलेल्या गोगलगायी बुडवायच्या बादलीत वापरलं तर चालेल.

फारच झाल्या तर मेटाल्डिहाईड (गोगलगायी मारायचं औषध) २.५ टक्के दाणेदार, एकरी २ किलो. ते खाल्लं की स्राव ओतून ओतून सुकते, पण झड लागलेली असली तर ओल मिळून सावरते पण, म्हणून हवामान बघूनच टाका, आणि कुत्री, कोंबड्या, जनावरं लांब ठेवा.

पावसाळा संपला की शंखाच्या तोंडाला वाळलेल्या स्रावाचा पडदा लावून मातीत महिनोन्महिने पडून राहते, तेव्हा उन्हाळी नांगरट खोल करा आणि बांध साफ ठेवा.