हप्त्यावर की साठवून? निपाणीच्या ताईंच्या ऑपरेशनचा हिशेब

निपाणीजवळच्या गावातून एका ताईंनी विचारलंय. वय 41, घरी शिवणकाम, महिन्याला सरासरी 18,000 सुटतात. यजमान साखर कारखान्यात. दोन बाळंतपणं झाली, त्यात गेल्या वर्षी चालून चालून 8 किलो वजन उतरवलं, त्यामुळे छाती ओघळली आहे. ब्रेस्ट लिफ्टचं ऑपरेशन करायचंय. बेळगावात खर्च सांगितला 1,90,000. दवाखान्यातूनच कर्ज मिळतंय, 9,300 चे 24 हप्ते. शिल्लक 3,10,000, त्यातले 2,00,000 गावच्या सोसायटीत. मुलगी पीयूसीला (अकरावी-बारावी), तिच्या पुढच्या शिक्षणाची एफडी वेगळी. विमा एजंट म्हणतो, "गाठ होती म्हणून दाखवू." जाऊबाई म्हणतात, ह्या वयात हे कसलं खूळ?

ताई, जाऊबाईंचं राहू दे. स्वतः मशीन चालवून मिळवलेल्या पैशातून हौस करायला कुणाची परवानगी लागत नाही. पण ही हौस आहे हे तुम्ही स्वतःशी कबूल करा, कारण तिथूनच हिशेब बदलतो. हौसेसाठी कर्ज काढू नये, या मताची मी आहे. लग्नातल्या बँडबाजासाठीसुद्धा.

एजंटाचं तर अजिबात ऐकू नका. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतर अवयव पूर्ववत करायचा असेल किंवा तब्येतीला असलेला थेट, तातडीचा धोका टाळायला ती गरजेची असेल, तरच ती बसते. खोटी गाठ दाखवली आणि ते उघड झालं, तर क्लेम तर जाईलच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. मग उद्या खरोखर गाठ निघाली तर काय करणार? चाळिशी ओलांडली आहे, तेव्हा ऑपरेशनआधी मॅमोग्राफीबद्दल, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीबद्दल, डॉक्टरांना विचाराच.

आता 1,90,000 चं बघू. हा आकडा जीएसटी धरून आहे का? उपचारांना जीएसटी माफ असतो, पण निव्वळ सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनवर 18 टक्के लागतो. तो धरलेला नसेल तर 34,200 वर चढले. भूल, खोली, तपासण्या त्यात आहेत की वेगळ्या, तेही लेखी घ्या. औषधं, आधाराची खास ब्रा, तपासणीसाठीच्या बेळगाव फेऱ्या यांना मी 15,000 धरते. आणि जो खर्च कुणी सांगत नाही तो तुमच्या मशीनचा. टेबलावर बसून काम करणारी बाई आठ-पंधरा दिवसांत कामाला लागते, पण जड उचलणं आणि हातावर ताण येईल असं काम साधारण चार ते सहा आठवडे बंद. पाण्याची घागर नाही, तांदळाचं पोतं नाही, दिवसभर कापड कापणं नाही. सहा आठवड्यांचे 27,000 बुडाले असं धरा. बेरीज जाते 2,66,200 वर. कर्ज काढलंत तर 1,90,000 पोटी हप्त्यांतून 2,23,200 जातील, म्हणजे वर आणखी 33,200. प्रोसेसिंग फी वेगळी. "बिनव्याजी" म्हणाले तरी कर्जाच्या अटींचा मुख्य तक्ता (की फॅक्ट्स स्टेटमेंट) मागा. बँका आणि फायनान्स कंपन्यांना तो द्यावाच लागतो, खरा वार्षिक दर त्यात असतो.

दीड लाख घराच्या अडीअडचणीसाठी राहू देत, त्यांना हात नाही. उरले 1,60,000. कमी पडतात 1,06,200. जो 9,300 चा हप्ता तुम्ही भरायला तयार होतात, तोच बँकेच्या आरडीत बारा महिने टाका: 1,11,600, वर थोडं व्याज. चार महिन्यांतच ओढाताण झाली, तर कर्जाचा हप्ताही झेपला नसता हे फुकटात कळेल.

वर्ष फुकट जाईल असं वाटेल. पण नुकतंच 8 किलो उतरलंय, आणि वजन काही महिने एका जागी टिकल्याशिवाय चांगला सर्जन हे ऑपरेशन करत नाही. पुन्हा वजन वाढलं-उतरलं की केलेलं काम बिघडतं. एरवीही ते कायमचं नसतं, वयाप्रमाणे कातडी सैलावतेच. व्रण राहतात, वर्षभरात फिकट होतात, पण जात नाहीत. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. नुसतं उचलून भागेल की इम्प्लांटही (आत बसवायचा कृत्रिम भराव) लागेल, हे आधी विचारा. इम्प्लांट जन्मभर टिकेल असं धरता येत नाही, म्हणजे पुढे पुन्हा खर्च. दुरुस्तीचं ऑपरेशन लागलं तर पैसे कोण भरणार, तेही विचारा. सर्जन प्लास्टिक सर्जरीचे एम.सीएच. किंवा डीएनबी आहेत ना ते पाहा. संमतीचा फॉर्म इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल, तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही नको.

मुहूर्त मी पुढच्या आषाढाचा सुचवते. लग्नसराईचे ब्लाऊज संपलेले असतात, गौरी-गणपतीची गर्दी लागायची असते. मात्र मुलीची ॲडमिशनही त्याच सुमारास येईल. तेव्हा तिच्या एफडीला हात लावायचा नाही, ऑपरेशनच पुढे ढकलायचं.

सोसायटीच्या दोन लाखांची मला जास्त काळजी आहे. बँकेतल्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतल्यासुद्धा. गावची सोसायटी, सौहार्द सहकारी पतसंस्था यांना ते नाही. पावतीची मुदत कधी संपते ते तुम्ही लिहिलेलं नाही. आधी कपाटातून ती पावती काढून तारीख बघा, आणि मुदत संपली की रक्कम बँकेत हलवा.