दोघंच असलो तर गाणं ओळखायचा खेळ कसा खेळायचा?

तुम्ही विचारलंय की रूमवर दोघंच मित्र आहोत, अंताक्षरीला काय मजा येत नाही, दुसरा कुठला गाण्याचा खेळ आहे का. आहे ना. आम्ही सोलापूरचे दोघं कॉलेजपासून एकच खेळ खेळतोय, ठेक्यावरून गाणं ओळखायचा. सुरुवात लोडशेडिंगमुळं झाली, लाइट गेली की आम्ही कंबर तलावाकडं जाऊन कट्ट्यावर बसायचो आणि मोबाइलची बॅटरी वाचवायची म्हणून गाणी बंद, मग बोटं चालू.

नियम साधे. बोलायचं नाही, गुणगुणायचं नाही, गाण्याचे शब्द जसे पडतात तशी बोटं आपटायची, समोरच्याला तीन चान्स, हरला त्यानं चहा पाजायचा.

ऐकायला सोपं वाटतं पण पहिल्याच दिवशी आमची भांडणं झाली. मी वाजवतोय आणि माझ्या डोक्यात अख्खा ऑर्केस्ट्रा चालू, ढोलकी बिलकी सगळं, मला कळंना की याला एवढं सोपं गाणं का येईना, आणि तो म्हणतोय, "काय बे, दार वाजवायलायस का?" नंतर वाचलं की 1990 साली अमेरिकेत स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन नावाच्या बाईनं पीएचडीसाठी हाच खेळ लोकांना खेळायला लावला होता. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी गाणी ओळखतील, ओळखली किती तर 120 पैकी 3. वाजवणाऱ्याला आपलं गाणं आतून ऐकू येत असतं, समोरच्याला नुसती टकटक. हे कळल्यावर मी त्याची माफी मागितली, चहा मात्र सोडला नाही.

त्याचं घर साखर पेठेत, आजूबाजूला यंत्रमाग. तिथं खेळायला बसलो की मागाच्या खटखटीत आपली बोटं कधी त्याच लयीत जातात कळतच नाही, सगळी गाणी एकसारखी व्हायला लागतात. त्यामुळं घरी खेळणं बंदच केलं.

मित्राच्या घरी तेलुगू बोलतात, आमच्याकडं मराठी. एकदा त्यानं वाजवलं आणि मी पहिल्या चान्सला ओरडलो, "दिल है छोटा सा!" तो म्हणला चूक, हे "चिन्नि चिन्नि आशा" आहे. आता हे गाणं रोजा पिक्चरमधलं, 1992 चा, मूळ तमिळ, ए. आर. रहमानचा पहिला पिक्चर, चाल तीच, शब्द तेवढे भाषेप्रमाणं वेगळे. तो त्याच्या आईनं लावलेल्या कॅसेटवर ऐकून मोठा झाला आणि मी हिंदीत. अर्धा तास वाद, शेवटी नियम काढला की चाल बरोबर तर पॉइंट, भाषा कुठली का असंना. तुमचा मित्र दुसऱ्या भाषेचा असेल तर हा नियम आधीच करून ठेवा.

अजून एक सांगतो. नुसते मुखड्याचे शब्द वाजवत बसू नका, लांबलचक सुरांची गाणी तर अजिबात घेऊ नका, बोट एकदा आपटलं की आवाज संपतो, ओढलेला सूर समोरच्याला कळणार कसा? ज्या गाण्यात एखादा वेगळाच आवाज आहे ते निवडा. आणि गाणं दोघांनी मिळून ऐकलेलं असावं, सैराट आला तेव्हा आमच्या जिल्ह्यात 'झिंगाट' प्रत्येक वरातीत, गणपतीत वाजलंय, ते आम्ही खेळातूनच बाद केलंय कारण दोन ठोक्यांत ओळखतं आणि फुकटचा चहा जातो.

माझा सगळ्यात भारी पॉइंट पार्क चौकात चहा पिताना आला. बोटं वापरलीच नाहीत, चमच्यानं काचेच्या ग्लासावर हळूच टिंग केलं आणि त्याच्याकडं बघितलं. "चुरा लिया," तो म्हणला, चहा तोंडात असतानाच. त्या गाण्याची सुरुवातच ग्लासाच्या टिंगनं होते ना. पॉइंट त्याचा झाला खरं म्हणजे, पण मी अजून माझाच धरतो.