हद्द महसुलाची, हद्द मतदानाची

दापोली तालुका रत्नागिरी जिल्ह्यात. मग लोकसभेला आम्ही रायगड मतदारसंघात कसे?

विधानसभा मतदारसंघ जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही, लोकसभेचा ओलांडतो. महाराष्ट्रात विधानसभेच्या जागा २८८, लोकसभेच्या ४८. म्हणजे एका खासदारामागे सहा आमदार. रायगड जिल्ह्यात विधानसभेच्या जागा ७, रत्नागिरीत ५, सिंधुदुर्गात ३. सिंधुदुर्गाच्या तिघांना चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर जोडले की सहा भरतात. उरलेले दापोली व गुहागर हे पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड यांच्या पंगतीत बसवले. पनवेल, कर्जत, उरण पुणे जिल्ह्यातल्या तिघांबरोबर मावळात गेले.

ही रचना २००८ची. खासदार नाथ पै आणि मधु दंडवते यांचा राजापूर लोकसभा मतदारसंघ तेव्हाच नकाशावरून गेला, खेड विधानसभाही गेली. आधार होता २००१च्या जनगणनेचा. आणि आपला चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी गाव सोडून गेलेला माणूस, मोजला जातो मुंबईत. पुढे २०११ला तर रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. कोकणाचा आवाज कमी होतो तो इथे, आणि याची चर्चा गावागावांत व्हायला हवी.

जिल्हा परिषदेच्या प्रारूप रचनेत आमची ग्रामपंचायत खाडीपलीकडच्या गटात (जिल्हा परिषदेच्या मतदारसंघात) टाकली आहे. हरकत कशी लिहावी?

नेहमीची चूक म्हणजे हरकतीत मतदारयादीचे आकडे देणे. गट लोकसंख्येवर ठरतो आणि लोकसंख्या जनगणनेची धरतात. जिल्ह्याच्या ग्रामीण लोकसंख्येला गटांच्या संख्येने भागले की सरासरी मिळते. दहा टक्के कमी-जास्त चालते. समजा सरासरी १५,००० आहे, तर गट १३,५०० ते १६,५०० मध्ये बसला पाहिजे. एका गटाचे दोन गण (पंचायत समितीचे मतदारसंघ) असतात, तिथेही हाच तोल बघतात.

म्हणून आधी हिशेब करा: तुमचे गाव काढल्यावर त्या गटात किती उरतात, नव्या गटात किती होतात. तोल जात असेल तर अदलाबदलीसाठी शेजारचे दुसरे गाव नावानिशी सुचवा. गटांची आखणी उत्तरेकडून सुरू होऊन दक्षिणेत संपते. वर एक गाव सरकले की खालच्या गटांचे आकडे हलतात. पर्याय न देता नुसती 'गैरसोय होते' असे लिहिलेली हरकत टिकणे अवघड.

नकाशा जोडा. सरळ रेषेत खाडी अर्धा किलोमीटर दिसते, पण पूल कुठे आहे आणि वळसा किती पडतो ते आकड्यात लिहा. अर्ज मुदतीत द्या, पोच घ्या आणि सुनावणीला जातीने हजर राहा.

कुलाबा जिल्हा म्हणजे मुंबईतले कुलाबा का?

नाही. नाव अलिबागच्या किल्ल्यावरून. १ जानेवारी १९८१ पासून जिल्हा रायगड झाला.

आजोबांच्या कागदांवर कुठे 'सावंतवाडी संस्थान', कुठे 'जिल्हा रत्नागिरी' आहे. चूक दुरुस्त करावी का?

चूक नाहीच. संस्थान १९४८ला विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यात आले. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ला. मालवण, वेंगुर्ले मात्र संस्थानात नव्हते, ते आधीपासून रत्नागिरीतच. कागद जसा आहे तसाच ठेवा. नक्कल मागताना अर्जात गाव, तेव्हाचा तालुका व जिल्हा, आजचा तालुका व जिल्हा आणि जुना सर्व्हे नंबर हे सगळे लिहा. शोध आजच्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षापासून सुरू करा.