ब्रिटिश युद्धपटांतील स्त्रिया : वाचकांच्या शंका

प्रश्न : १९५० च्या दशकातील ब्रिटिश युद्धपटांत स्त्रिया बहुधा पत्राची वाट पाहतानाच दिसतात. प्रत्यक्ष युद्धातही त्यांचा वाटा इतकाच होता का?

उत्तर : नाही. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने वीस ते तीस वर्षांच्या अविवाहित स्त्रियांना युद्धसेवा सक्तीची झाली होती, आणि १९४३ चा ‘मिलियन्स लाइक अस’ विमान कारखान्यातील मुलींवरच बेतलेला होता. युद्धानंतर कॅमेरा पुरुष अधिकाऱ्यांकडे वळला. ‘द क्रुएल सी’मध्ये (१९५३) व्हर्जिनिया मॅकेना नौदलाच्या गणवेशात आहेत, पण कथेला त्या हव्या आहेत प्रेमप्रकरणापुरत्या. शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या ब्लेचली पार्क या केंद्रातील बहुसंख्य कर्मचारी स्त्रिया होत्या. ते काम १९७० च्या दशकापर्यंत गुप्तच राहिल्याने तेव्हा त्यावर चित्रपट निघणे शक्यच नव्हते.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलेले सोबतचे छायाचित्र दुसऱ्या महायुद्धातील भारतीय वंशाच्या ब्रिटिश हेर नूर इनायत खान यांचे आहे का?

उत्तर : नाही, ते एका चित्रपटातील व्हर्जिनिया मॅकेना यांचे आहे. पुढे पाठवू नका.

प्रश्न : ‘कार्व्ह हर नेम विथ प्राइड’ (१९५८) सत्यकथा आहे. त्याच्या आधारे ब्रिटिश हेर व्हायोलेट साबो यांच्यावर लेख लिहिला तर चालेल ना?

उत्तर : चालणार नाही, आणि हा प्रश्न वारंवार येत असल्याने थोडे विस्ताराने लिहितो. ‘सत्यकथेवर आधारित’ ही ओळ तिकिटे खपवण्यासाठी असते. या चित्रपटात साबो यांची सांकेतिक कविता (गुप्त संदेश लिहिण्यासाठी किल्ली म्हणून वापरायची कविता) त्यांच्या पतीने लिहिलेली दाखवली आहे; प्रत्यक्षात ती साबो ज्यात होत्या त्या ब्रिटिश गुप्तहेर संघटनेतील (एसओई) संकेततज्ज्ञ लिओ मार्क्स यांनी आपल्या दिवंगत प्रेयसीसाठी रचली होती आणि पुढे साबो यांना दिली. बदल लहान वाटतो, पण त्यामुळे एका प्रशिक्षित हेराचे कामाचे साधन विधवेची आठवण होऊन बसते. ‘अ टाउन लाइक ॲलिस’च्या (१९५६) मुळाशी सुमात्रातील डच स्त्रियांची हकिकत आहे, कादंबरीतच त्या मलायातील इंग्रज स्त्रिया झाल्या आणि चित्रपटाने तेच उचलले. ओडेट सॅन्सम या हेरावरील ‘ओडेट’मध्ये (१९५०) तर याच संघटनेचे अधिकारी मॉरिस बकमास्टर स्वतःच्याच भूमिकेत आहेत, म्हणून भाबडा प्रेक्षक त्याला माहितीपट समजतो. या चित्रपटांतून १९५० च्या दशकाला कशी नायिका रुचत होती ते जरूर लिहा. चरित्रासाठी मात्र लंडनमधील क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील कागदपत्रे पाहा आणि तेथील अभिलेखपालांचा सल्ला घ्या.

प्रश्न : या कृष्णधवल चित्रपटांच्या रंगीत केलेल्या प्रती विकत घ्याव्यात का?

उत्तर : घेऊ नयेत. त्यातील रंग विक्रेत्याचे आहेत.

प्रश्न : माझी आजी १९४३ साली ‘विमेन्स ऑक्झिलरी कोअर (इंडिया)’ या महिलांच्या सहाय्यक सैन्यदलात होती. आता ती शंभरीला आली आहे. दिवाळीनंतर तिच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, असा विचार आहे.

उत्तर : दिवाळीची वाट कशाला पाहता? तिच्या डॉक्टरांना विचारून याच आठवड्यात अर्धा अर्धा तास बसा, आणि मौखिक इतिहासाच्या जाणकाराकडून प्रश्नावली तपासून घ्या. तोवर तिला यातला एकही चित्रपट दाखवू नका. पडद्यावरचे प्रसंग आठवणींत मिसळले, की पुढे ते वेगळे काढता येत नाहीत.