"मॅडम, माझी कातडी जळली, माझंच काहीतरी चुकलं"

ब्रेस्ट कॅन्सरच्या शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या, तिसऱ्या आठवड्यात हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आज लिहायलाच बसले.

वनिताताई (नाव बदललंय), पंचवीस शेक ठरलेले, सोळा झालेले. काखेत आणि स्तनाखालच्या घडीत कातडी काळी पडलेली, एका जागी सोलून ओलसर झालेली. घरात कुणाला दाखवलं नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. वर गुपचूप हळद लावत होत्या.

म्हटलं, "डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"लाईट (शेकालाच त्या लाईट म्हणतात) बंद करतील ना. आणि विचारतील, काय केलंस म्हणून."

काय केलंस. हा शब्द मला खटकला. मी माणसाचे शब्द धरून मागे मागे जाते, माझी कामाची पद्धतच ती. विचारलं, "स्वयंपाक करताना हात भाजला तर घरात काय म्हणायचे?"

थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "लक्ष कुठं होतं तुझं."

आणि रडायला लागल्या. मी काही बोलले नाही, पाण्याचा ग्लास फक्त पुढे सरकवला. बऱ्याच वेळाने स्वतःच म्हणाल्या, "इथं तर मी नुसती पडून असते हो, हात पण हलवत नाही, मग माझं कसं चुकेल?"

खरं सांगते, एवढ्या वर्षांत मला सगळ्यात समाधान देणारी जी काही वाक्यं आहेत त्यातलं हे एक. मी हेच दहा वेळा समजावलं असतं तरी पोचलं नसतं, ते त्यांच्या तोंडून यायला हवं होतं.

तर बायांनो, शेकाने कातडीच्या नव्या पेशी तयार व्हायचा वेग मंदावतो, म्हणून साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्रास दिसायला लागतो. आपल्या सावळ्या रंगावर लाली कमी आणि काळेपणा जास्त दिसतो, त्यामुळे लोक घाबरतात. घाम आणि घर्षण जिथे, तिथे जास्त. कोमट पाणी, सौम्य साबण, टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं, शेकासाठी अंगावर आखलेल्या खुणा पुसायच्या नाहीत. सैल सुती कपडे घाला. गरम पाण्याची पिशवी नको, बर्फ नको, हळद-कोरफड मनाने नको, क्रीम डॉक्टर सांगतील तेच. सोललं, पाणी सुटलं, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी सांगा, शेक थांबवायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील, लपवून ठेवलं तर इन्फेक्शन वाढतं. आणि हो, शेवटच्या शेकानंतरही आठ-दहा दिवस त्रास वाढू शकतो, मग ओसरतो, हे आधीच माहीत असलं की धक्का बसत नाही.

दुसऱ्या दिवशी वनिताताईंनी सिस्टरना दाखवलं. ड्रेसिंग झालं, शेक चालूच राहिले. सगळे शेक संपल्यावर महिनाभराने फोन आला. "नवी कातडी आलीय, गुलाबी. सासूबाई विचारत होत्या मंगळसूत्र कधी घालणार. म्हटलं, अजून आठ दिवस, टोचतं. त्या काही बोलल्या नाहीत, कोमट पाणी काढून दिलं."