नाशिकला घरामागे चार-पाच ससे पाळायचेत, इथला उन्हाळा सोसेल का त्यांना?

सोसतील, पण एप्रिल-मे मध्ये नीट लक्ष द्यावं लागेल. सशाला घाम जवळपास येतच नाही, अंगातली उष्णता तो जास्त करून कानांवाटे बाहेर टाकतो आणि आपल्याकडे पारा ४० कडे सरकला की तेवढ्याने भागत नाही, त्यात नराचं वीर्य उष्णतेने कमजोर पडतं, मग मादी गाभण राहत नाही आणि लोक उगाच मादी बदलत बसतात. नुसत्या पत्र्याखाली पिंजरे प्लीज ठेवू नका, वर पाचट टाका, बाजूला ओलं बारदान बांधा पण वारा अडवू नका. दुपारी ससा मान वर करून धापा टाकत असेल तर लगेच कानांना ओलं फडकं लावा.

लसूणघास तोडल्या तोडल्या ओला टाकू नका, पोट फुगतं, आधी सुकवून घ्या.

गाभणकाळ साधारण ३१ दिवस, २८व्या दिवशी कोरडं गवत घालून खोकं ठेवा, मादी स्वतःचे केस उपटून त्यात गादी करते. सुरुवातीला एक नर, तीन माद्या पुरे.

आणि "जोड्या घ्या, पिल्लं आम्हीच विकत घेऊ" म्हणणाऱ्याला अॅडव्हान्स देऊ नका, आधी स्वतः गिऱ्हाईक शोधा.